अंधाराची इंग्रजी नावं

३ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र फाडायला घेतलं असशील. फाड, पण आधी वाच. मी भांडायला लिहीत नाहीये. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस आणि भावोजी फोन उचलून “ती बाहेर गेलीये” म्हणतात. चार वर्षं तू बाहेरच गेलेली आहेस. म्हणून पत्र.

आई गेली तेव्हा तिच्या उशीच्या अभ्र्यातून निघालेल्या तेवीस गोळ्या मी सगळ्यांसमोर तुझ्या पुढ्यात धरल्या, त्याबद्दल आज लिहीत नाही. आज माझ्या घरातलं लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुला मी आधीच नकोशी आहे, तेव्हा तुझ्या नजरेतून उतरायची भीती नाही.

ह्यांचं काहीतरी चाललंय.

तुला माहीत आहे, हे सव्वीस वर्षं बस चालवतायत आणि इतकी वर्षं ड्यूटी दुपारची. दुपारी दोनला जायचे, रात्री परत. दोन महिन्यांपूर्वी एकदम म्हणाले, “डेपोने मला सकाळची पहिली पाळी दिली.” म्हटलं बरं झालं, संध्याकाळी माणूस घरी दिसेल. कसलं काय! अडीचला सुटतात, पण मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजल्याशिवाय घरात पाय नाही. विचारलं की “डेपोत काम होतं.” काय काम, तर “असंच.”

परवा ह्यांचा कंडक्टर आमच्या लॉन्ड्रीत गणवेश टाकायला आला. मी सहज म्हटलं, “काय हो, तुमच्या साहेबांना या वयात पहाटेची पाळी दिली डेपोने?” तो म्हणाला, “दिली कसली वहिनी? स्वतः अर्ज करून मागून घेतली त्यांनी.”

मी हसले आणि त्याच्या शर्टाची पावती फाडून दिली.

लॉन्ड्रीत माझं काम काय, तर कपडे धुवायला जाण्याआधी खिसे तपासायचे. लोकांचे खिसे तपासून पोट भरणारी बाई मी. घरी तपासत नव्हते, हे तू मानणार नाहीस, नको मानू. काल पहिल्यांदा तपासले. गणवेशाच्या आतल्या खिशात एक छोटी वही निघाली. आत ह्यांचं अक्षर आणि इंग्रजी शब्द! हा माणूस बसवरची पाटी सोडून इंग्रजी वाचत नाही, ताई. आणि प्रत्येक शब्दापुढे वेळ. ५.४० डिम. ६.०५ डस्क. ६.२० ग्लूम. ६.३५ नुसती रेघ. आणि सगळ्याच्या खाली मराठीत, “बाईंकडे, खिडकीजवळ.”

आता तूच सांग, मी काय समजायचं?


१२ नोव्हेंबर, बुधवार

ताई,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे ते तुझ्या घरात आहे.

वहीतले शब्द मी लॉन्ड्रीच्या पावतीमागे उतरवून घेतले आणि आमच्या मालकांना दाखवले. ते रोज इंग्रजी पेपर वाचतात, निदान उघडून तरी बसतात. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अहो, ही सगळी संध्याकाळची आणि अंधाराची नावं आहेत. डिम म्हणजे मंद. डस्क म्हणजे दिवेलागण. ट्वायलाइट, संधिप्रकाश. हे ग्लोमिंग तर मीही कधी वापरलं नाही. घरात कुणी कविता करायला लागलंय की काय?”

म्हटलं, “भाचीच्या शाळेचं आहे.” मला भाची कुठली, ते त्यांनी विचारलं नाही.

रात्रभर तेच डोक्यात. आपल्याकडे काय कमी शब्द आहेत? तिन्हीसांजा म्हण, कातरवेळ म्हण, काळोख म्हण, आई म्हणायची तसं “अंधारून आलं गं” म्हण. पन्नाशीच्या ड्रायव्हरला संध्याकाळसाठी इंग्रजी शब्द कशाला लागतात? एकाच कारणाने लागतात. कुणावर तरी छाप पाडायची असते.

मग आधीच्या सगळ्या गोष्टी जुळायला लागल्या. आम्ही जेवण झाल्यावर कोपऱ्यापर्यंत फिरायला जायचो, ते ह्यांनी बंद केलं. का, तर पाय दुखतात. दुपारी चार वाजताच घरातले सगळे दिवे लावून बसतात. मी म्हटलं, काय लग्नघर आहे का, तर माझ्यावरच डाफरले. परवा जिन्यात शेवटची पायरी चुकले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मी पुढच्या खोलीतलं स्टूल जरा सरकवलं, तर त्याला ठेचकाळून माझ्यावर ओरडले, “वस्तू जागच्या हलवतेस कशाला?” समोरच्या भांड्याला हात लागून पाणी सांडतं रोज. लक्षच नाही माणसाचं घरात! लक्ष दुसरीकडे असलं की असंच होतं, हे मला कळतं.

काल मंगळवार होता. मी लॉन्ड्रीतून लवकर सुटले आणि डेपोच्या समोर उभी राहिले. हे बाहेर आले, भिंतीच्या कडेकडेने चालत गेले. मी मागे. जुन्या पोस्टाच्या मागे तीन मजली इमारत आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर गेले. दार एका बाईने उघडलं. पांढरे केस, पण सरळ पाठ, चापूनचोपून नेसलेली साडी. ह्यांचा हात धरून आत नेलं तिने. हात धरून, ताई!

मी अर्ध्या जिन्यात उभी होते. आतून हसण्याचा आवाज आला. आमच्या घरात हे शेवटचे कधी हसले ते मी आठवत बसले, आणि मग घरी आले. वर जायचं धैर्य झालं नाही.

शुक्रवारी जाणार आहे.


१५ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

गेले. दार मीच वाजवलं, जोरात. उघडल्यावर काय बोलायचं ते तीन दिवस पाठ केलं होतं. त्या बाई दारात आल्या आणि माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत म्हणाल्या, “कोण? गॅसवाला का?”

त्यांना दिसत नाही, ताई. अजिबात नाही.

पाठ केलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. आतून हे आले. मला बघून “तू?” एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर बसले. बाई म्हणाल्या, “तुमच्या मंडळी का? या, बसा. खुर्ची कुठे आहे ते तुम्हाला दिसेलच.”

त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. बारा वर्षांपूर्वी डोळे गेले. ह्यांची ओळख डोळ्यांच्या दवाखान्यातल्या रांगेत झाली. हे दवाखान्यात जातात हेच मला माहीत नव्हतं. ह्यांच्या डोळ्याचा आतला पडदा विरतोय. ऊन असलं की सगळं दिसतं; उजेड उतरला की दिसणं उतरतं, आणि कडेचं तर आधीच जातं. दोन वर्षांपासून चाललंय. दोन वर्षं, ताई, आणि मी ह्यांच्या शर्टावर केस शोधत होते.

दवाखान्यात महिन्यातून एकदा मोठे डॉक्टर बाहेरून येतात, त्यांना मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, डिम दिसतं की ब्लर? ह्यांनी दोन्हीला मान डोलावली. नर्सला विचारायची लाज वाटली. डॉक्टरांनी चष्मा बदलून दिला, सहा महिने त्यातच गेले. मग बाईंनी समजावलं, डिम म्हणजे उजेडच कमी वाटतो, आणि ब्लर म्हणजे उजेड पुरेसा, पण कडा पुसलेल्या. ह्यांना होत होतं डिम, उपाय झाला ब्लरवर. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी किती वाजता काय दिसतं ते लिहून आणा. म्हणून ती वही. हे खिडकीशी बसून बाहेर काय काय दिसतं ते मराठीत सांगतात आणि बाई त्याला इंग्रजी नाव देतात.

“सूर्य बुडाला, पण रस्त्यावरच्या माणसाचं तोंड ओळखू येतंय?” बाईंनी माझ्यादेखतच विचारलं.

“येतंय.”

“ट्वायलाइट.” थोड्या वेळाने पुन्हा, “आणि आता?”

“माणूस आहे एवढं कळतं. तोंड नाही.”

“डस्क. लिहा वेळ.”

“तुम्ही मागच्या वेळी दुसरा एक शब्द सांगितला होता. ग्लो…”

“ग्लोमिंग. तो माझ्यासाठी होता, डॉक्टरांना सांगू नका. जुना शब्द आहे, ते हसतील.” आणि त्याच हसल्या. मी जिन्यात ऐकलेलं हसणं ते हेच.

मी ह्यांना विचारलं, “आपल्या भाषेत सांगितलं असतं, कुणीतरी समजावलं नसतं का त्यांना?” तर म्हणाले, “अगं, कातरवेळ म्हटलं की माझंच मन कातर होतं. डॉक्टरला माझं मन नको होतं. उजेड किती, ते हवं होतं.”

सकाळची पाळीही ह्यांनी याच्यासाठीच मागून घेतली. संध्याकाळी उजेड कमी कमी होत जातो आणि रस्त्यावर गर्दी; पहाटे रस्ता रिकामा आणि उजेड वाढत जातो.

घरी येताना हे माझा दंड धरून चालले. मी रडले, पण खरं सांगते, आनंदाने रडले. दुसरी बाई नाही! एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे म्हणाले, “जानेवारीत डेपोची डोळ्यांची तपासणी आहे. तोवर कुणाला बोलू नकोस. नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी.” मी म्हटलं, “माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.” असं लगेच म्हणून टाकलं.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

आता झोप लागत नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

दिवस लहान झालाय. ह्यांची पहिली फेरी पावणेसहाला निघते आणि सातपर्यंत नीट उजाडत नाही. म्हणजे तास-सव्वा तास हे अंधारात बस चालवतात. मी विचारलं की म्हणतात, “बसला दिवे आहेत. रस्ता पाठ आहे माझा. डोळे मिटून नेईन.”

हे ऐकून मला जी धडकी भरली ती लपवत मी भांडी घासली.

ह्यांच्या माघारी वही बघते. ६.३५ ची रेघ आता ६.१५ वर आलीये. पण मला सांगताना म्हणतात, “तसंच आहे, काही फरक नाही.” म्हणून मी पुन्हा माझ्या धंद्याला लागले. संध्याकाळी मुद्दाम दिवा न लावता त्यांच्या समोर ताट ठेवलं, तर चमचा शोधायला हात ताटाभोवती फिरला. त्यांच्या वाटेत चपला ठेवून बघितल्या. नवऱ्याच्या वाटेत चपला ठेवणारी बायको, ताई. तू हे वाचून म्हणशील, ही सुधारायची नाही.

मंगळवारी कंडक्टर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, साहेबांची झोप होत नाही का? परवा डेपोच्या फाटकाला आरसा घासला. मी मॅनेजरला सांगितलं नाही. पण तुमच्याकडे काही असेल तर सांगा. मागे मी उभा असतो.”

मी म्हटलं, “थंडीने काच धूसर झाली असेल.”

इतकं सहज खोटं कसं निघालं तोंडातून, कळलं नाही. त्याला दोन लहान मुली आहेत. तो पावती घेऊन गेला आणि मी त्याच्या पँटचे खिसे दोनदा तपासले, काही नव्हतं तरी.


१० डिसेंबर, बुधवार

ताई,

सोमवारी मी पहाटे उठले. हे गेल्यावर पाच मिनिटांनी शाल गुंडाळली, पांढरी, लांबून दिसेल अशी, आणि आडवाटेने पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. ह्यांच्या फेरीतला तिसरा थांबा. तिथला खांबावरचा दिवा गेलेला आहे, हे मला माहीत होतं. थांब्यावर मी एकटीच. ही पहाट इंग्रजीत डिम की डस्क, मला माहीत नाही. मला माझा हात दिसत होता.

बस वळणावर दिसली. मी हात केला. मग वाटलं दिसलं नसेल, म्हणून फुटपाथवरून खाली उतरले आणि पूर्ण हात पसरला. बस सरळ आली. वेग कमी झाला नाही. मी मागे उडी मारली तेव्हा आरसा माझ्या तोंडासमोरून गेला. काचेमागे ह्यांचं तोंड स्पष्ट दिसलं मला. समोर बघत होते. अगदी काळजीपूर्वक, मान जराशी पुढे काढून बघत होते. कंडक्टर खाली मान घालून तिकिटांच्या पेटीत काहीतरी करत होता. गेली बस.

मी लॉन्ड्रीत गेले. दुपारपर्यंत काम केलं आणि घरी आले. दुपारी तीनला हे जेवायला बसले तेव्हा विचारलं, “आज पहिल्या फेरीला कोण कोण होतं?”

“कोण असणार? दोन नर्सा, एक वॉचमन.”

“टाकीच्या थांब्यावर?”

“तिथे कुणी नव्हतं. थांबवलीच नाही.”

“नीट आठवा.”

“अगं नव्हतं कुणी. मी बघितलं ना.”

“मी होते.”

हातातला घास ताटात ठेवला त्यांनी. मग म्हणाले, “थांब्याच्या आत होतीस?”

“खाली उतरले होते. हात केला होता.”

“किती लांबून गेली?”

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं. वीतभरही नाही. दुपारचं ऊन होतं खोलीत, ते त्यांना दिसलं. माझे हात त्यांनी आपल्या हातात घेतले आणि तसेच बसून राहिले. मी म्हटलं, “मी कुणाला सांगणार नाही. शब्द दिलाय. पण उद्याही मी तिथेच उभी राहणार आहे.”

“नको,” म्हणाले. “तू कुठे उभी राहू नकोस.”

मंगळवारी गणवेश घालून नेहमीच्या वेळी निघाले. मला म्हणाले, “चल बरोबर.” डेपोत आधी मॅनेजरच्या खोलीत गेले आणि ती वही टेबलावर ठेवली. म्हणाले, “साहेब, मला अंधारात दिसत नाही. आजची गाडी दुसऱ्याला द्या.”

मॅनेजरने वही चाळली. त्यातली इंग्रजी नावं त्याने एकेक करून वाचली आणि शांतपणे विचारलं, “सप्टेंबरपासून लिहिताय?” हे म्हणाले, “हो.” “आणि आज सांगताय?” आता चौकशी लागेल. कंडक्टर दारातच उभा होता. तो ह्यांना काही बोलला नाही, मला म्हणाला, “काच धूसर होती ना, वहिनी?”

मी मान वर केली नाही. करायचं तोंड नव्हतं.

ताई, आज मी तुला हे लिहायला बसले आणि हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “बरं वाटतंय. नोकरी गेली तरी बरं वाटतंय.” मग माझ्याकडे जे उरलंय तेही लिहिते.

त्या तेवीस गोळ्यांचं मला माहीत होतं. आईने जायच्या आधी पंधरा दिवस मला फोनवर सांगितलं होतं, “मी त्या गिळत नाही, अभ्र्यात टाकते, पोटात आग पडते. ताईला बोलू नकोस, ती माझ्यासाठी फार धडपडते, तिला वाईट वाटेल.” मी बोलले नाही. मला बरं वाटलं होतं की आईने तुला नाही, मला सांगितलं. आणि शेवटच्या आठवड्यात तू तीनदा ये म्हणालीस तरी मी आले नाही. ते कुणी विचारायच्या आत मी तुला गोळ्यांचा जाब विचारला. सगळ्यांसमोर. अभ्र्यात हात घालताना मला माहीत होतं आत काय आहे.

तू कधी उलट बोलली नाहीस. आपण खरंच कुठे चुकलो असं तुला चार वर्षं वाटत राहिलं असेल, हे मला माहीत होतं. तू चुकली नव्हतीस.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर बरोबर आहे.


२ जानेवारी, शुक्रवार

ताई,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ, “अकरा तारखेला रविवारी येऊ का?”

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आधी पाकीट उलटं करून शिक्का बघितला. मग वाटलं, भावोजींनीच लिहून टाकलं असेल. मग “येऊ” मधला तुझा लांबलचक ऊ दिसला आणि मी लॉन्ड्रीत, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत तोंड घालून रडले. मालक म्हणाले, “सुट्टी घ्या.” मी म्हटलं, “रविवारी घेईन.”

इथलं सांगते. ह्यांची चौकशी चालू आहे. गाडी कायमची सुटली. दहा ते चार पासच्या खिडकीवर बसवायचं म्हणतायत, पण लेखी काही नाही. कंडक्टर अजून माझ्या हातात कपडे देत नाही, काउंटरवर ठेवून जातो. डॉक्टर म्हणाले, वही उत्तम लिहिली आहे. पण विरलेला पडदा परत विणता येत नाही. आहे ते जितके दिवस टिकेल तितके टिकवायचं. मंगळवारी-शुक्रवारी हे बाईंकडे अजून जातात. मी पोचवते, खाली बसते. परवा बाईंनी वर बोलावून मला पण एक शब्द शिकवला. इथे लिहीत नाही, तू आलीस की सांगेन, माझ्या तोंडून ऐक आणि हस.

तुझं कार्ड मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, संध्याकाळची गाडी तिला सोयीची पडेल, सातला उतरेल. तर एकदम म्हणाले, “नको, दुपारची घ्यायला सांग. मी येतो तिला आणायला.”

मी म्हटलं, “तुम्ही कशाला? मी जाते ना.”

म्हणाले, “अगं, चार वर्षांत तोंड बघितलेलं नाही तिचं. पुढच्या वर्षी दिसेल न दिसेल. उन्हात येऊ दे, मला ताईंना नीट बघून घ्यायचंय.”

म्हणून दुपारची गाडी घे, ताई. तीनला आम्ही दोघं फलाटावर असू.